बाबांची खोली आणि पोर्टल: प्रकल्प नोंदी

१० ऑगस्ट २०२४, शनिवार

बाबांना घरी आणून चार दिवस झाले. खुब्याच्या हाडात सळई बसवली आहे, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. रात्रीची पाळी माझी, दहापासून सकाळी आई उठेपर्यंत. त्यांच्या कॉटशेजारी गादी टाकून असते. त्यांना झोप तुकड्यातुकड्यांत लागते. मध्येच पाणी, मध्येच पाठीमागची उशी, मध्येच भांडं. मधला वेळ माझा असतो, पण खोली सोडायची नाही.

माझं प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडायचं सोनीचं गेमचं यंत्र, हॉलमध्ये. दिवसभर अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात उभं राहून घरी आले, की अर्धा-पाऊण तास खेळायचं आणि मग झोपायचं, ही माझी तीन वर्षांची सवय. गेले दहा दिवस कंट्रोलर हातात घेतलेला नाही. त्या वेळात फोनवर बोट फिरवत बसते आणि उलट जास्त शिणते.

गेल्या शनिवारी, ३ तारखेला, सोनीचं प्लेस्टेशन पोर्टल भारतात विक्रीला आलं. किंमत १८,९९० रुपये. अमेरिकेत ते नोव्हेंबर २०२३ मध्येच आलं होतं, २०० डॉलरला. आठ इंची स्क्रीन, दोन्ही बाजूंना ड्युअलसेन्स या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरचा अर्धा-अर्धा तुकडा. ते स्वतः गेम चालवत नाही. गेम हॉलमधल्या प्लेस्टेशनवरच चालतो, त्याचं चित्र वायफायवरून हातात येतं आणि आपण दाबलेली बटणं उलट तिकडे जातात.

नवं डिस्कवालं प्लेस्टेशन सध्या (ऑगस्ट २०२४) ५४,९९० रुपयांना मिळतं. म्हणजे नुसती हातात धरायची खिडकी त्याच्या एक तृतीयांश किमतीला. आत्ता घरात औषधं, फिजिओथेरपी, वॉकर असे खर्च चालू आहेत. तेव्हा मोजून ठरवायचं. कंपनीत गेज लावल्याशिवाय मी एकही पीस पास करत नाही, घरच्या एकोणीस हजारांनाही तोच नियम. म्हणून ही वही.

११ ऑगस्ट, रविवार

पोर्टल न घेताच अर्धी परीक्षा होते. सोनीचं रिमोट प्ले हे ॲप फोनवर फुकट आहे आणि ते हेच काम करतं. बाबांच्या खोलीतून फोनवर लावून पाहिलं.

चित्र आलं, चाळीस सेकंद सुरेख. मग चौकोन-चौकोन झाले, आवाज तुटला, खेळाडू भिंतीला धडकत राहिला आणि ‘कनेक्शन तुटलं’. पुन्हा जोडलं, पुन्हा तेच.

आपलं घर १९९३ च्या बिल्डिंगमधलं. पुढे हॉल, मध्ये स्वयंपाकघर, मागे बाबांची खोली. राउटर हॉलच्या खिडकीपाशी, कारण फायबरची तार तिथून आत येते. खोलीतली रेंज ५ गिगाहर्ट्झवर उणे ७९ डीबीएम, २.४ वर उणे ६१. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो पण भिंतीत जिरतो. २.४ भिंतीतून पार येतो, पण त्यावर अख्ख्या बिल्डिंगची गर्दी, कारण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११.

खोलीतून राउटरला पिंग लावून ठेवलं, म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिले. बहुतेक वेळा ४-५ मिलिसेकंद, पण दर आठ-दहा सेकंदांनी एखादा १५०, कधी २००. सरासरी पाहिली तर पास. तरी खेळणाऱ्याला सरासरी लागत नाही, एकसारखेपणा लागतो. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम साधारण पावणेसतरा मिलिसेकंदांची. दोनशेचा एक हिसका म्हणजे सलग बारा फ्रेम गेल्या.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. वायफाय कुठे मरतं ते शोधायला फोन घेऊन घरभर फिरले. हॉलच्या दारात उणे ४६. स्वयंपाकघराच्या दारात उणे ५४. ओट्यापाशी उणे ५८. आणि मांडणीच्या मागे एकदम उणे ७४.

मांडणी! स्टीलची, भिंतभर, ताटं-वाट्या-डबे-पातेल्यांनी खच्चून भरलेली, बरोब्बर राउटर आणि बाबांच्या खोलीच्या मध्ये. वीट-सिमेंटच्या भिंतीतून लहर अशक्त होऊन का होईना पार जाते. धातू तिला माघारी पाठवतो. आईच्या लग्नातली ताटं आमच्या घरचा रेडिओ-आरसा झाली आहेत.

आईला विचारलं, मांडणी दुसऱ्या भिंतीला लावायची का. ती म्हणाली, “अगं, ड्रिल मारून बसवलीये ती. आणि ओट्यावरून हात पोचला पाहिजे ना.” तिचं बरोबर आहे. मांडणी हलणार नाही.

दुसरी गोष्ट सापडली ती जास्त मोलाची. प्लेस्टेशनसुद्धा वायफायवरच होतं. म्हणजे चित्र आधी प्लेस्टेशनपासून राउटरला हवेतून, मग राउटरपासून फोनला पुन्हा हवेतून, तेही त्याच चॅनेलवर. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. त्यामुळे दोन फेऱ्या एकमेकींच्या वाटेत येतात. दोन मीटरची तयार लॅन केबल घरात पडलेली होती, ती प्लेस्टेशन आणि राउटरमध्ये लावली. खर्च शून्य.

फरक: चाळीस सेकंदांऐवजी सलग सहा-सात मिनिटं. आई स्वयंपाकघरात आली की मात्र चित्र हलतं. माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचं, तेही थोडी लहर शोषून घेतं.

१८ ऑगस्ट, रविवार

पोर्टलला काय-काय जमत नाही ते आज नीट वाचलं. ब्लूटूथ हेडफोन चालत नाहीत. एक तर सोनीचे स्वतःच्या पद्धतीचे घ्यायचे, नाही तर साधे वायरचे, त्याची खाच आहे. वायफायची पाचवी पिढी चालते, त्यापुढची नाही. त्यावर ॲप नाही, ब्राउझर नाही, गेम उतरवायला जागा नाही. सध्या (ऑगस्ट २०२४) घरात प्लेस्टेशन ५ नसेल तर ते कशालाच उपयोगी नाही. दुकानातल्या खोक्यावर हे लहान अक्षरात नसावं असं मला मनापासून वाटतं. पालक मुलासाठी ‘हातातलं प्लेस्टेशन’ समजून घेऊन जातील आणि घरी गेल्यावर पोरगं रडेल.

कल्पना जुनी आहे. सोनीच्याच व्हिटा या हातातल्या यंत्रावर २०१३ पासून प्लेस्टेशन ४ चा खेळ दुसऱ्या खोलीत बसून खेळता यायचा. दुसरी जात आहे ती लांबच्या सर्व्हरवर खेळ चालवणारी. गुगलचं स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद झालं. गुगलने पैसे परत केले, पण बऱ्याच लोकांचा अर्धवट राहिलेला खेळ तिथेच राहिला. लॉजिटेकचं जी क्लाउड हे ३५० डॉलरचं हातातलं यंत्र मुख्यतः अशाच सेवांवर चालायला काढलेलं. सर्व्हर लांब असला की अंतर आडवं येतं: काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन यायलाच दहा मिलिसेकंद, आणि वाटेतल्या थांब्यांचा वेळ वेगळा.

माझा सर्व्हर पंचवीस फुटांवर, माझ्याच टीव्हीखाली आहे. तो कुणी बंद करणार नाही. आणि खेळाचं चित्र घरातल्या घरात फिरतं, त्यामुळे नेटच्या महिन्याच्या डेटातून ते जात नाही. कंपनीतल्या दोघांनी मला हेच विचारलं होतं.

२५ ऑगस्ट, रविवार

केबलचा दिवस. हॉलच्या राउटरपासून बाबांच्या खोलीत केबल न्यायची आणि तिथे दुसरा राउटर लावायचा, मांडणीला वळसा घालून गॅलरीतून, असं ठरलं. जुन्या केबल-टीव्हीच्या वायरसाठी पाडलेलं भोक दोन्ही खोल्यांना आहे, ते वापरायचं. बाहेरून जाणार म्हणून ऊन-पावसात टिकणारी काळी कॅट-सिक्स घेतली, २२ मीटर. मेन रोडवरच्या दुकानातून केबल, आठ जॅक, क्लिपा आणि एक साधा दोन बँडचा राउटर. सगळं मिळून २,७४० रुपये. केबलच्या टोकाला जॅक दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल कंपनीतल्या मेंटेनन्सच्या दादांकडून आणलं.

जॅक लावणं हे काम हाताला आवडलं. बाहेरचं काळं कवच इंचभर सोलायचं. आत चार जोड्या, एकमेकींभोवती पीळ घातलेल्या. पीळ सोडवायचा, तारा बोटाने सरळ करायच्या आणि क्रम लावायचा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापायची, जॅकमध्ये सरकवायची, आठही तारांची तांब्याची टोकं पुढच्या प्लास्टिकला टेकलेली दिसली की मगच दाबायचं.

केबल ओढली, दोन्ही टोकं लावली, दिवा लागला. लॅपटॉपवर पाहिलं तर लिंक १०० एमबीपीएस, हजार नाही. शंभरला दोनच जोड्या लागतात, हजारला चारही. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी टेकलेली नाही. भिंग घेऊन पाहिलं: बाबांच्या खोलीकडच्या जॅकमध्ये आठवी, तपकिरी तार केसभर मागे राहिली होती. जॅक कापला, नवा लावला. १००० एमबीपीएस.

खरं तर रिमोट प्लेला १५ एमबीपीएस पुरतात, सोनी किमान ५ सांगते. शंभरावर भागलं असतं. पण केसभर मागे राहिलेली तार मी कंपनीत पास केली नसती.

नव्या राउटरचं डीएचसीपी बंद केलं (पत्ते वाटायचं काम एकट्या हॉलमधल्या राउटरने करायचं), केबल त्याच्या लॅन पोर्टात लावली, ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं, चॅनेल हॉलपेक्षा लांबचा. बाबा पडल्या-पडल्या सगळं बघत होते. म्हणाले, “एसटीच्या डेपोत वायरिंगवाला असाच टोकं जुळवत बसायचा. घाई केली की गाडी घाटात बंद.”

खोलीत आता उणे ४१. पिंग १ ते ३, दहा मिनिटांत एकही हिसका नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दोन रात्री फोनवर खेळले, एकदाही तुटलं नाही. स्क्रीन लहान आहे, अक्षरं वाचवत नाहीत. उद्यापासून टॅब.

१ सप्टेंबर, रविवार

उशीर मोजला. फोनचा स्लो-मोशन कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेम घेतो, म्हणजे एक फ्रेम सव्वाचार मिलिसेकंदांची. अंगठा आणि स्क्रीन दोन्ही एकाच चौकटीत धरायचे, उडीचं बटण दाबायचं, आणि अंगठा खाली टेकल्यापासून खेळातलं पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. प्रत्येकी दहा वेळा. प्लेस्टेशनसोबत आधीच येणारा ॲस्ट्रोचा खेळ वापरला.

हॉलचा टीव्ही, गेम मोड चालू: २१ फ्रेम, साधारण ८८ मिलिसेकंद. बाबांच्या खोलीत टॅबवर, केबलनंतर: ३४ फ्रेम, १४२ मिलिसेकंद. म्हणजे हवेतून येण्याची किंमत चोपन्न. नवा राउटर बंद करून जुन्याच वायफायवर: कधी ३८ फ्रेम, कधी ७१. याला मोजमाप म्हणता येत नाही.

मग सहज म्हणून हॉलच्या टीव्हीचा गेम मोड बंद करून मोजलं: ३५ फ्रेम! चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही स्वतःच जवळपास तेवढाच उशीर करतो. कितीतरी घरांत तो मोड बंदच असेल आणि कुणाला जाणवलंही नसेल. तेव्हा ‘स्ट्रीमिंगमध्ये लॅग असतो’ एवढंच म्हणून सोडून देणं मला आता पटत नाही. किती, आणि कशाच्या तुलनेत, ते सांगा.

जिथे जाणवतो तिथे मात्र जाणवतोच. क्रिकेट २४ मध्ये वेगवान गोलंदाजाला खेळून पाहिलं. चेंडू हातातून सुटून पोचायला अर्ध्या सेकंदाहून कमी, त्यातला दहावा हिस्सा असा गेला की बॅट उशिरा येते. सहा षटकांत तीनदा त्रिफळा. फिरकीला काही अडचण नाही. मी रात्री खेळते ते चालत-बघत जाण्याचे खेळ किंवा गाडी. गाडीत हात दोन-तीन वळणांत सरावतो.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आतेभाऊ दुबईहून आला, त्याच्याकडे पोर्टल आहे, डिसेंबरात घेतलेलं. म्हणाला, “ताई, माझं अकाउंट काढ आणि तुझं टाक. मी जाईपर्यंत तुझ्याकडेच ठेव.” अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस. याहून चांगला नमुना-तपासणीचा योग नाही.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट कळली ती वजनाची विभागणी. टॅबला क्लिप लावून कंट्रोलरवर चढवला की सगळा भार वर, मनगट पुढे पडतं. पोर्टलचे दोन्ही हात खऱ्या कंट्रोलरचे आहेत, बोटं आपोआप जागेवर जातात. उताणं झोपून छातीवर टेकवता येतं. ट्रिगर ओढताना मिळणारा तो ताणही आहे, ब्रेक दाबला की बोटाला खरोखर विरोध होतो. मधला टचपॅड नाही, त्याऐवजी स्क्रीनवर बोट लावायचं, ते मला अंधारात नीट सापडत नाही.

उशीर: ३२ फ्रेम. टॅबपेक्षा दोनच कमी. आकड्यांत पाहिलं तर दोघं भाऊ-भाऊ.

इअरफोन वायरचे. एकच कानात घालते, दुसरा कान बाबांसाठी.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरीजेवण. घरात मावशी, मामी, दोघी हॉलमध्ये झोपल्या होत्या. रात्री साडेबाराला मी पोर्टल चालू केलं, त्याने हॉलमधलं प्लेस्टेशन जागं केलं, आणि प्लेस्टेशनने टीव्ही जागा केला. पूर्ण आवाजात. मावशी दचकून उठली, समईच्या उजेडात तिला काही कळेना. मला फार वाईट वाटलं, दिवसभर पुरणाला उभी होती ती.

कारण शोधून आत्ताच दुरुस्त केलं. एचडीएमआय तारेतून प्लेस्टेशन टीव्हीला ‘ऊठ’ म्हणून सांगू शकतं, ती सोय मी चालू ठेवली होती. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय डिव्हाइस लिंक बंद केली. चार वेळा तपासलं, टीव्ही शांत. रेस्ट मोडमध्ये, म्हणजे प्लेस्टेशन झोपलेलं असताना, मात्र दोन गोष्टी चालू लागतात: इंटरनेटला जोडलेलं राहणं, आणि नेटवर्कवरून चालू करू देणं. त्या नसतील तर उठून हॉलमध्ये जावं लागतं, मग काय उपयोग.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सहा आठवड्यांची तपासणी. एक्स-रे चांगला आहे, वॉकर धरून थोडा भार टाकायला सांगितलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

नंबर यायला अडीच तास. पोर्टल पिशवीत होतं. यंदा आलेल्या एका अपडेटनंतर ते लॉगिन-पान असलेल्या सार्वजनिक वायफायला जोडता येतं. तिथलं मोफत वायफाय जोडलं गेलं, पण चित्र आलं नाही. मग फोनचा हॉटस्पॉट: दुसऱ्या प्रयत्नात आलं, खेळता आलं, पण दर मिनिटाला धूसर. आणि इथे डेटा जातो: १५ एमबीपीएसने तासाला पावणेसात जीबी.

खरी अडचण घरच्या टोकाला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. बाहेरून घरातल्या प्लेस्टेशनपर्यंत थेट वाट सापडायला त्यामुळे त्रास होतो. जे लोक लोकलमध्ये किंवा ऑफिसात खेळायच्या आशेने हे घेणार असतील, त्यांनी आधी फोनवरचं फुकट ॲप त्याच जागी लावून बघावं. फोनवर चाललं नाही तर पोर्टलवरही चालणार नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

ही नोंद मोजमापाची नाही, तरी लिहायची आहे.

रात्री अकरा. ग्रान टुरिस्मो ७ हा गाड्यांचा खेळ लावला होता, मॅन्युअल गिअर, आर-वन आणि एल-वन या बटणांवर घेतलेले. बाबा जागे. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून खेळत होते. एका उताराच्या वळणावर ते म्हणाले, “आता नाही, आधी उतरव. वळणात गिअर बदलायचा नसतो.” मी म्हटलं, “बाबा, तुम्हीच घ्या.”

बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यातली कितीतरी नवरात्रं नांदुरी ते सप्तशृंगगड, खाजगी गाड्या खाली थांबवतात आणि सगळी भक्तमंडळी एसटीने वर. डबल क्लचच्या गाड्या, पॉवर स्टिअरिंग नाही. निवृत्तीनंतर स्कूटर होती, आता तीही बंद.

पाठीमागे दोन उशा, कोपर गादीवर टेकलेलं. पहिल्या वळणाला गाडी गवतात. दुसऱ्यालाही. डावा अंगठा फार जोरात वळत होता. मी त्यांच्या अंगठ्यावर माझं बोट ठेवून दाखवलं, एवढंच, केसभर. चौथ्या फेरीला त्यांनी उतारावर दोन गिअर आधीच उतरवले, ब्रेकला हलकं बोट लावलं आणि गाडी आतल्या कडेने काढली. डावा पाय, चांगला पाय, पांघरुणाखाली क्लच दाबल्यासारखा हलत होता.

पाऊण तास. मग म्हणाले, “हात भरून आला,” आणि सकाळी पाचपर्यंत सलग झोपले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

१८ सप्टेंबर, बुधवार

आतेभावाला पोर्टल परत दिलं, स्वतःचं अकाउंट काढून, पुसून. दहा रात्रींत नऊ रात्री वापर. चार्जिंग तीन वेळा.

२९ सप्टेंबर, रविवार

दहा दिवस पुन्हा टॅब, क्लिप आणि कंट्रोलर. मुद्दाम, तुलनेसाठी. उशीर तोच, चित्र तेच, स्क्रीन तर मोठी. वापर मात्र दहातल्या तीनच रात्री.

का, ते घड्याळ लावून पाहिलं. पोर्टल: बटण दाबल्यापासून खेळात जाईपर्यंत साधारण चाळीस सेकंद. टॅब: क्लिप लावा, कंट्रोलर टॅबशी जोडा, ॲप उघडा, जोडणी नाही सापडली तर पुन्हा, चार ते सहा मिनिटं. आणि कंट्रोलर एकदा टॅबशी जोडला की परत प्लेस्टेशनशी जोडायला मला हॉलमध्ये जाऊन तार लावावी लागायची. मला सलग मोकळे मिळतात वीस-पंचवीस मिनिटं, तीही कधी मिळतील माहीत नसतं. मध्येच बाबांनी हाक मारली तर पोर्टल एका बटणाने झोपतं आणि खेळ तिथेच थांबतो. टॅबचा डोलारा बाजूला ठेवेपर्यंत त्यांना थांबावं लागतं, ते मला चालत नाही.

बाबांना टॅब-कंट्रोलर धरवला नाही. दोनदा प्रयत्न केला, स्क्रीन पुढे कलंडते.

मी दोन महिने उशीर मोजला. मोजायला हवी होती ती ही चार मिनिटं.

आईला सांगितलं, घ्यायचं म्हणतेय. “पितृपक्ष संपू दे,” एवढंच म्हणाली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. बाबा वॉकर धरून हॉलपर्यंत आले, घटाला हात जोडले आणि परत खोलीत. म्हणजे थोड्या महिन्यांत ते हॉलमध्ये बसू लागतील आणि हे सगळं लागणारच नाही, हा विचार मनात येऊन गेला. त्यावर थोडी थांबले. पण संध्याकाळी सात ते दहा हॉलचा टीव्ही आईचा आहे. सबंध दिवसात तिला बसायला मिळतात ते तेवढेच तास. तिच्याकडून ते मागायची माझी इच्छा नाही. डॉक्टर म्हणतात, बाबांना बाहेर पडायला नवीन वर्ष उजाडेल.

कंपनीतल्यांनी विचारलं तेव्हा त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. प्लेस्टेशन ५ नसेल तर विषयच नाही. असेल, पण वायफायवर असेल, तर आधी त्याला तार लावा आणि फोनच्या ॲपवर आठवडाभर खेळा. माझ्या घरी २,७४० रुपयांनी जे बदललं, ते १८,९९० रुपयांनी बदललं नसतं. मांडणीमागे पोर्टलही तितकंच गारठलं असतं. घरात एकटे असाल आणि टीव्ही मोकळा असेल तर पैसे नवीन खेळांत घाला. ऑनलाइन नेमबाजीच्या खेळांत जीव असेल तर टीव्हीसमोरच बसा. पण ज्याला टीव्हीपासून लांब, एका ठरावीक खोलीत, कुणाच्या तरी जवळ असावं लागतं आणि वेळ तुकड्यांत मिळतो, त्याला हे घ्या असं मी डोळे उघडे ठेवून सांगेन.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सकाळी सोनं वाटून झाल्यावर कॉलेज रोडला जाऊन पोर्टल आणलं. आईने खोक्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. बाबा म्हणाले, डेपोत आज गाड्यांना हार घालतात.

अपडेट उतरायला वेळ लागला. संध्याकाळी बाबांनी तोच उताराचा ट्रॅक मागितला. तेरा फेऱ्या, गवतात दोनदाच.

१४ ऑक्टोबर, सोमवार

क्रिम्पिंग टूल परत केलं. जुना टॅब आईला दिला, बहिणीशी व्हिडिओ कॉलसाठी. नव्या राउटरमुळे आता स्वयंपाकघरातूनही तुटत नाही.

राहिलेलं काम: गॅलरीतल्या भोकाला सिलिकॉन लावायचं आहे. काल रात्री परतीच्या पावसाने केबलवरून एक ओघळ आत आला, बाबांच्या कॉटच्या पायापर्यंत. केबलला भोकाच्या बाहेर खाली झोल दिला की थेंब तिथेच गळेल. रविवारी दोन्ही करते.